जुने चित्र, नवा रंग आणि सम्यक दृष्टी



धम्मदीक्षा घेतल्यानंतर घरातला पहिला बदल कोठे दिसतो? बहुतेक घरांत तो भिंतीवर दिसतो. जुन्या तसबिरी खाली उतरतात, देव्हारा रिकामा होतो आणि त्या जागी तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा येते. हा बदल करताना तुमच्यापैकी कित्येकांना नातेवाइकांचे बोल ऐकावे लागले असतील. 'कागदच तर आहे, राहू द्या की भिंतीला,' असेही कोणी म्हणाले असेल. परंतु तो केवळ कागद नाही, हे तुम्हाला ठाऊक होते. कोणापुढे वाकायचे, कोणाला वर मानायचे आणि कोणाला पायाशी बसवायचे, हे ती तसबीर घरातल्या लेकरांना रोज न बोलता शिकवीत होती. म्हणून तुम्ही ती उतरवलीत. चित्र हा नीतीचा विषय आहे, हे कोणताही ग्रंथ न वाचता तुम्ही त्या दिवशी मान्य केलेत.

आज तोच विषय निराळ्या रूपाने आपल्यापुढे आला आहे. जगातील मोठमोठ्या संग्रहालयांनी आपल्या कपाटांतील जुनी छायाचित्रे व रेखाटने सर्वांसाठी खुली केली आहेत. अमेरिकेतील स्मिथसोनियन या संस्थेने २०२० साली २८ लाख चित्रे एकदम खुली केली. कॉपीराइटची मुदत संपलेली चित्रे कोणीही उतरवून घ्यावीत, कापावीत, त्यांना भडक रंग द्यावेत, वर ठळक अक्षरे घालावीत आणि त्यांतून नवे पोस्टर किंवा पुस्तकाचे नवे मुखपृष्ठ तयार करावे, यास कायद्याची आडकाठी नाही. जगभरचे ग्राफिक डिझाइन करणारे कलावंत हे काम हिरीरीने करीत आहेत आणि त्यांतले पुष्कळसे काम पाहण्याजोगे असते. आपल्या वस्तीतील कॉलेजची मुलेही हेच करतात. १४ एप्रिलच्या फ्लेक्सचे चित्र आता पुष्कळदा घरीच, मोबाइलवर तयार होते.

मग प्रश्न असा आहे की, ज्या चित्राला मालक उरला नाही त्या चित्राबाबत जबाबदारीही उरत नाही काय? कायद्याने मोकळीक दिली, एवढ्याने आपले शीलही मोकळे होते काय? हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून मी तुमच्यापुढे एक खरे उदाहरण ठेवतो. ते दूर देशातील आहे, पण वाचताना ते तुम्हाला परके वाटणार नाही.

सात माणसे

१८५० सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातील कोलंबिया गावी, जोसेफ झीली नावाच्या छायाचित्रकाराच्या स्टुडिओत सात गुलाम माणसांना आणण्यात आले. रेंटी आणि त्याची मुलगी डिलिया, जॅक आणि त्याची मुलगी ड्राना, आणि आल्फ्रेड, फसेना व जेम. त्यांचे कपडे उतरवून त्यांना समोरून व बाजूने यंत्रापुढे उभे करण्यात आले. त्यांची संमती कोणी विचारली नाही. गुलामाची संमती विचारण्याची रीतच नव्हती. बापासमोर मुलीची वस्त्रे उतरवली गेली असतील तेव्हा त्या दोघांच्या मनाचे काय झाले असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

हे कोणासाठी? लुई अगासी नावाच्या एका मोठ्या शास्त्रज्ञासाठी. हा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला, माशांचा जगप्रसिद्ध अभ्यासक, हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक होता. काळी माणसे व गोरी माणसे यांची उत्पत्ती वेगवेगळी आहे आणि त्यांची पायरीही वेगवेगळी आहे, असे त्याचे मत होते. त्याला पुरावा म्हणून ही छायाचित्रे हवी होती.

उत्पत्ती वेगळी म्हणून पायरी वेगळी! बंधूंनो, हे तर्कट तुम्ही यापूर्वी कोठे ऐकले आहे? मुखातून एक, बाहूंतून दुसरा, मांड्यांतून तिसरा आणि पायांतून चौथा, हे आपल्या देशात फार पूर्वी सांगून झाले होते. आपल्याकडे त्याला शास्त्राचा आधार म्हणत, तिकडे त्याला विज्ञान म्हणत.

या तर्काला तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात दोन तरुण ब्राह्मणांचा वाद येतो: ब्राह्मण जन्माने की कर्माने? भगवान त्यांना गवत व झाडे, किडे, चार पायांचे प्राणी, साप, मासे, पक्षी यांची उदाहरणे देतात. यांच्यात जन्मानेच वेगवेगळ्या जातीची लक्षणे दिसतात. माणसाच्या देहात, केसांपासून पायांपर्यंत शोधले तरी तशी लक्षणे सापडत नाहीत. माशांच्या जाती लावणाऱ्या अगासीने तीच रीत माणसांना लावली, आणि तेथेच तो चुकला. हे सुत्त ज्याच्या कानावर पडले आहे त्याला अगासीची चूक दाखवण्यास दुसरा पंडित लागत नाही.

ती छायाचित्रे पुढे हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात पडून राहिली आणि १९७६ साली तेथील माळ्यावरच्या कपाटात पुन्हा सापडली. एकूण १५ पत्रे. पत्रे म्हणण्याचे कारण, ही छायाचित्रे कागदावर नव्हती. तांब्याच्या पत्र्यावर रुप्याचा मुलामा देऊन तो आरशासारखा घासत आणि त्यावर प्रतिमा उमटवीत. त्याला डॅगेरोटाइप म्हणत. असा पत्रा हातात धरून थोडा कलता केला की त्यावरील माणूस नाहीसा होतो आणि पाहणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

एका कलावतीने काय केले

कॅरी मे वीम्स ही अमेरिकेतील एक नामवंत काळी कलावती. १९९५-९६ साली तिने या पत्र्यांवरील चार जणांची आणि त्यांच्याबरोबर आणखी कित्येक जुन्या छायाचित्रांची मिळून तीसहून अधिक चित्रांची एक मालिका केली. तिने मूळ चित्रे पुष्कळ मोठी केली. त्यांना रक्तासारखा लाल रंग दिला. प्रत्येक चित्राभोवती काळी चौकट ठेवून मध्ये गोल जागा मोकळी सोडली, म्हणजे आपण कॅमेऱ्याच्या भिंगातूनच पाहत आहोत असे वाटावे. वर काच बसवून त्या काचेवर अक्षरे कोरली. ती अक्षरे चित्रातल्या माणसाशी बोलतात: तुला शास्त्राचा नमुना करण्यात आले, तू अभ्यासाची वस्तू झालीस, अशा आशयाची. मालिकेच्या आरंभी व शेवटी एका आफ्रिकन स्त्रीचे निळ्या रंगातले चित्र आहे. ती दोन्ही बाजूंनी आत, त्या लाल चित्रांकडे पाहते आहे. जणू घरातील वडीलधारी बाई आपल्या लेकरांवर काय गुदरले ते पाहत उभी आहे.

येथे डिझाइनचे काम किती नेमके आहे ते पाहा. लाल रंग शोभेसाठी नाही. तो आला की 'हे शास्त्रीय छायाचित्र आहे' असे म्हणण्याची सोय संपते. अक्षरे आडवी आल्यामुळे उघड्या देहावर नजर सुखाने ठरत नाही, आधी वाचावे लागते आणि वाचले की मान खाली जाते. अगासीने या माणसांकडे बोट दाखवून इतरांना सांगितले होते, 'हे पाहा.' वीम्स त्या माणसांकडे तोंड करून त्यांच्याशीच बोलते. दोघांच्या हाती चित्र तेच, पण एकाने त्यातल्या माणसाला 'तो' केले आणि दुसरीने 'तू' म्हटले.

या कामाविरुद्धही मत आहे आणि ते टाकाऊ नाही. काहीजण म्हणतात, हेतू कितीही चांगला असला तरी डिलियाचा उघडा देह पुन्हा एकदा हजारो लोकांपुढे मांडला गेला. तिला १८५० साली 'नको' म्हणता आले नाही आणि १९९५ सालीही तिला कोणी विचारले नाही. मग फरक काय राहिला? अशी चित्रे दाखवूच नयेत, असे या लोकांचे म्हणणे आहे. एखाद्या आईला आपल्या मुलीचे असे चित्र भिंतीवर चालेल काय, हा त्यांचा प्रश्न सरळ आहे.

मालकीचा वादही झाला. वीम्सने स्वतः सांगितले आहे की, विद्यापीठाने तिला प्रथम दाव्याची धमकी दिली. पुढे त्याच विद्यापीठाने तिच्या मालिकेतील चित्रे विकत घेऊन आपल्या संग्रहात ठेवली. नंतर २०१९ साली, आपण रेंटीच्या वंशातील आहोत असे सांगणाऱ्या एका बाईंनी मूळ पत्रे मागण्यासाठी दावा लावला. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली निकाल दिला की, छायाचित्रातील व्यक्तीला केवळ ती त्यात आहे म्हणून छायाचित्राची मालकी मिळत नाही. मात्र विद्यापीठ या बाईंशी ज्या रीतीने वागले त्याबद्दल मानसिक क्लेशाचा दावा त्यांना चालवता येईल, असेही न्यायालयाने म्हटले. अखेर २०२५ साली तडजोड झाली आणि ही पत्रे हार्वर्डकडून साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन येथील आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयाकडे देण्याचे ठरले. १७५ वर्षांनी रेंटी आणि डिलिया यांची चित्रे, त्यांना जेथे राबवले गेले त्या राज्यात, त्यांच्या लोकांकडे परत निघाली.

न्यायालयाने मालकीचा प्रश्न सोडवला. पण चित्राशी कसे वागावे हा प्रश्न मालकीच्या कायद्यात बसत नाही, हे त्याच निकालाने दाखवून दिले.

मेलेल्या माणसाचा अपमान होतो काय?

आता एक अडचणीचा प्रश्न घेतो. आपण बौद्ध आहोत. आपण आत्मा मानत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आत्म्याची कल्पना स्पष्टपणे नाकारली आहे. मग रेंटी मरून शतकाहून अधिक काळ लोटला असताना त्याच्या चित्राचे काय केले याने त्याला काय होणार? कोठेतरी बसून खाली पाहणारा आणि दुःखी होणारा आत्मा तर नाही. पितरांना राग येईल ही भीती आपण केव्हाच सोडली. तर मग चित्राला वाटेल ते करण्यास हरकत कोणती?

हा प्रश्न मला एका हुशार विद्यार्थ्याने विचारला आणि तो विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. कालामांना तथागतांनी असेच विचारायला शिकवले.

माझे उत्तर असे. धम्म हा माणसाचा माणसाशी संबंध कसा असावा हे सांगतो. एकट्या माणसाला धम्माची गरज नाही. दोन माणसे आली की धम्म लागतो, असे बाबासाहेबांनी समजावले आहे. चित्र पाहण्यातही दोन जिवंत माणसे असतात: ते दाखवणारा आणि ते पाहणारा. तिसरीही असतात, चित्रातल्या माणसाशी ज्यांचे नाते आहे ती. दुखावले जातात ते हे. रेंटीला आता काही होत नाही हे खरे, पण रेंटीकडे नमुना म्हणून पाहण्याची सवय ज्या डोळ्याला लागली, तो डोळा उद्या रस्त्यावरच्या जिवंत माणसाकडेही तसाच पाहणार. ज्या मुलीने आपल्या आजीच्या रंगाच्या सगळ्या स्त्रिया चित्रांत केवळ उघड्या व केविलवाण्या पाहिल्या, ती आरशात स्वतःकडे कशी पाहील? चित्रातले दुःख मेलेल्यांचे असले तरी त्याचा संस्कार जिवंतांवर होतो. म्हणून आत्मा न मानणाऱ्यालाही चित्राची जबाबदारी टळत नाही. उलट परलोकात हिशेब चुकता होईल ही आशा ज्याने सोडली, त्याला तो येथेच चुकता करावा लागतो.

राहुलाला दाखवलेला आरसा

मग पारख कशी करावी? 'माझा हेतू चांगला होता' एवढे पुरे आहे काय? चेतना म्हणजेच कर्म, असे तथागत म्हणाले हे खरे. पण त्यांनीच आपल्या मुलाला, राहुलाला, अंबलट्ठिका येथे त्यापुढची रीत शिकवली. त्यांनी विचारले, 'राहुल, आरसा कशासाठी असतो?' राहुल म्हणाला, 'पाहण्यासाठी.' तेव्हा भगवान म्हणाले की, तसेच प्रत्येक कृत्य पुन्हा पुन्हा पाहून करावे. करण्याआधी पाहावे, करीत असताना पाहावे आणि केल्यानंतरही पाहावे. याने मला पीडा होते काय, दुसऱ्याला होते काय? होत असेल तर थांबावे. केल्यावर ध्यानात आले तर ते जाणत्यांपुढे उघड करावे आणि पुढे तसे करू नये.

म्हणजे चांगल्या हेतूने सुरुवात होते, पण परिणाम पाहत राहण्याची जबाबदारी शेवटपर्यंत सुटत नाही. वीम्सच्या कामाला ही कसोटी लावली तर मला ते उतरताना दिसते. तिने दुःखाची सजावट केली नाही, आणि पाहणाऱ्याला आरामात उभे राहू दिले नाही. तरीही ज्याला डिलियाचे चित्र झाकलेलेच हवे आहे, त्याचे मनही याच कसोटीत मोजले पाहिजे. काळ बदलेल, वंशज बोलू लागतील, तेव्हा पुन्हा आरसा हाती घ्यावा लागेल. आणि त्या रुपेरी पत्र्याची आठवण करा. तो किंचित कलला की रेंटीच्या जागी पाहणाराच दिसतो. राहुलाचा आरसा तो हाच.

ताठ मानेची छायाचित्रे

सगळी जुनी चित्रे अपमानाचीच आहेत असे मात्र समजू नका. फ्रेडरिक डग्लस हा गुलामगिरीतून १८३८ साली निसटलेला माणूस. पुढे तो आपल्या लोकांचा मोठा पुढारी झाला. १८५४ सालच्या एका व्याख्यानात त्याने अगासीच्या पंथाच्या शास्त्रज्ञांचा समाचार घेतला. हे लोक आपल्या ग्रंथांत गोऱ्या माणसाचे उत्तमातले उत्तम चित्र देतात आणि काळ्या माणसाचे वाईटातले वाईट, हे त्याने दाखवून दिले. तो नुसते बोलून थांबला नाही. त्याने आयुष्यभर स्वतःची छायाचित्रे काढवून घेतली. अशी सुमारे १६० छायाचित्रे आज ठाऊक आहेत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत इतकी छायाचित्रे दुसऱ्या कोणाचीच निघाली नाहीत. चांगला कोट, ताठ मान आणि करडी नजर. मालकांना खूश करणारा हसरा गुलाम त्याला व्हायचे नव्हते.

१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस या विद्वानाने हेच काम मोठ्या प्रमाणावर केले. त्याने ३६३ छायाचित्रांचे संच मांडले: शिक्षक, दुकानदार, घरे, चर्चे, शाळा. त्याबरोबर अटलांटा विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या मदतीने हातांनी रंगवलेले साठेक तक्ते ठेवले. एका तक्त्यात काळा डोंगर गुलामांचा आणि वरची बारीक हिरवी पट्टी स्वतंत्र माणसांची. आणि १८७० सालापाशी येताच सगळे हिरवे. आकड्यांचे ज्ञान नसलेल्यालाही ते एका दृष्टिक्षेपात कळते. हे तक्ते अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, सर्वांना खुले आहेत, आणि आजचे तरुण संगणकावर ते पुन्हा आखून त्यांपासून धडे घेतात. याच दु बॉइसला १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते. अमेरिकेतील निग्रोंची स्थिती आणि भारतातील अस्पृश्यांची स्थिती यांत फार साम्य आहे असे त्यात म्हणून, संयुक्त राष्ट्रसंघापुढे ठेवलेल्या निग्रोंच्या निवेदनाच्या प्रती त्यांनी मागवल्या. दु बॉइसने आस्थेने उत्तर पाठवले.

बाबासाहेबांचा कोट, टाय आणि खिशातील पेन आठवा. डग्लस आणि बाबासाहेब दोघेही जाणून होते की, ज्याला पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांनी चितारले, त्याने आपले चित्र आपल्या हातांत घेतले पाहिजे.

आपल्या भूमीतील चित्रे

आपल्याकडेही माणसांचे नमुने गोळा झाले. विल्यम जॉन्सन या मुंबईतील छायाचित्रकाराचा मुंबईच्या जातीजमातींवरील ग्रंथ १८६३ व १८६६ साली दोन खंडांत लंडनहून निघाला. त्यातली गंमत अशी की, माणसांची छायाचित्रे एकीकडे काढून, ती कापून, दुसऱ्याच देखाव्यांवर चिकटवलेली आहेत. म्हणजे कात्री आणि डिंक आजचा नाही. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने 'पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात बहुतेक चित्रांखाली जातीचे नाव आहे आणि त्या जातीच्या स्वभावावर शेरे आहेत. समोर बसलेल्या माणसाचे स्वतःचे नाव मात्र क्वचितच सापडते.

ही सर्व चित्रे आज मोकळी आहेत. मागे एका मुलाने अशाच एका जुन्या इंग्रजी ग्रंथातील चित्र घेऊन विहारासाठी पोस्टर केले. मागे गडद निळा रंग, चेहरा मोठा, खालचे जातीचे नाव पुसलेले. पोस्टर देखणे होते. एका वृद्ध उपासकांनी हरकत घेतली: 'जी जात आम्ही टाकली, तिचे चित्र विहारात कशाला?' मुलगा म्हणाला, 'जात मी पुसली आहे, बाबा. आता तो फक्त माणूस आहे.' दोघांच्या बोलण्यात तथ्य होते. पण माझ्या मते एक बाजू दोघांच्याही नजरेतून सुटली. जातीचे नाव पुसले की त्याबरोबर ते लिहिणाराही सुटून जातो. पुढे पाहणाऱ्याला हे चित्र कोणी, कशासाठी, कोणत्या नजरेने काढले हे कळतच नाही. अपमान दडवण्याने धुतला जात नाही. शेवटी मुलाने बारीक अक्षरांत एक ओळ घातली: 'या माणसाचे नाव ग्रंथकर्त्याने नोंदवले नाही, केवळ जात नोंदवली.' त्यानंतर त्या उपासकांनीच ते पोस्टर दाराजवळ लावण्यास जागा दाखवली.

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. आता संगणकाला काळेपांढरे छायाचित्र दिले की तो क्षणात रंग भरून देतो, तोंड हलवून बोलायलाही लावतो. हा रंग खरा नसतो, अंदाजाचा असतो. आणि हा अंदाज बहुधा गोरेपणाकडे झुकतो. माता रमाईचे किंवा सावित्रीबाईंचे चित्र गोरे व गुळगुळीत झालेले तुम्ही फ्लेक्सवर पाहिले असेल. हे कोणाच्या सौंदर्याच्या मापाने केले? कष्टाने रापलेला चेहरा आपल्याला लाजिरवाणा वाटू लागला काय? तसेच बाबासाहेबांच्या डोक्यामागे तेजोवलय काढतात, त्यांच्या तोंडी त्यांनी न उच्चारलेली वाक्ये घालतात. बावीस प्रतिज्ञा घेताना आपण देव आणि अवतार नाकारले. मग ज्यांनी ते नाकारायला शिकवले त्यांनाच चित्रातून देव करणे, हे भक्ती असेल, पण धम्म नव्हे. न उच्चारलेले वाक्य तोंडी घालणे तर सरळ सरळ चौथ्या शीलाचा भंग आहे.

बाबासाहेबांचे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन कायद्याने २०१७ सालापासून सर्वांना मोकळे झाले आहे, हेही ध्यानात घ्या. कोणीही ते छापू शकतो. म्हणूनच ते जसेच्या तसे राखण्याचा भार आता आपल्या सर्वांवर आहे.

आपण काय करावे

ठळक रंग, मोठी अक्षरे, नवी मांडणी यांना माझा विरोध नाही. आपल्या मुलांनी ही कला मन लावून शिकावी. परंतु जुने चित्र हाती घेताना चार गोष्टी पाळाव्यात.

१. चित्रातील माणसाचे नाव शोधावे. सापडले तर ते मोठ्या अक्षरांत घालावे. नाही सापडले तर ते नोंदवले गेले नाही असे लिहावे.

२. चित्र कोणी व कशासाठी काढले हे सांगावे. आपण त्यात काय बदलले तेही सांगावे.

३. अपमानाचे चित्र घ्यायचे असेल तर त्याने पाहणाऱ्याची नजर बदलते की केवळ कुतूहल भागते, हे आधी घरातील आजीला व मुलीला दाखवून पाहावे. त्या खाली पाहू लागल्या तर थांबावे.

४. आदराच्या चित्रात खोटे भरू नये. रंग गोरा करू नये, वलय काढू नये, न बोललेले बोलवू नये.

आणि शेवटी एक घरचे काम. तुमच्या पेटीत किंवा कपाटात जुनी छायाचित्रे असतील. दीक्षेच्या दिवशीचे असेल, लग्नातले असेल, गिरणीतल्या ओळखपत्रावरचे असेल. येत्या रविवारी ती सर्व बाहेर काढा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवा. प्रत्येक छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहून ठेवा. लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलीकडे द्या. ती माहिती सांगणारे माणूस आणखी किती वर्षे आपल्यात असेल हे कोणी सांगू शकत नाही. आपणही उद्या कोणाच्या तरी कपाटातील जुने चित्र होणार आहोत. तेव्हा त्या चित्रामागे जात नव्हे, आपले नाव लिहिलेले असावे.

जय भीम!